लकवा तो लकवाच, म्हणे!

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा हात उचलेनासा झाला किंवा पाय फरफटू लागला, की आमच्याकडे निदान दवाखान्याआधी ओट्यावर होतं. "पोट्टीले लकवा मारला म्हंते." लगेच दुसरा म्हणतो, "या वयात कायचा लकवा? परीक्षा आली नं जवळ, नाटकं असतीन." तिसरा अनुभवी. त्याला औषध देणाऱ्याचं गाव ठाऊक असतं आणि कोणत्या वारी तिथे गर्दी कमी असते तेही.

ओट्याशी माझं भांडण नाही. ज्यांना कुणी कधी नीट समजावून सांगितलंच नाही, त्यांनी अंदाज केले तर दोष कुणाचा? भांडण आहे ते हेच सगळं नेटक्या भाषेत बोलणाऱ्या शिकलेल्या मंडळींशी. त्यांत मास्तर आहेत, पुढारी आहेत आणि काही डॉक्टरही आहेत. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं : यवतमाळसारख्या जिल्ह्यात एखाद्या पोराला स्ट्रोक झाला की मल्टिपल स्क्लेरोसिस, हा बारकावा शोधत बसणं ही चैन आहे. मुळात कोवळ्या वयात स्ट्रोक होत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा गोऱ्यांचा, फार तर मुंबईच्या पारशांचा आजार. आणि समजा दोन्हींपैकी काही निघालंच, तरी उपचार एकच : मालिश, व्यायाम, देवाची करुणा. औषधं परवडणारी नाहीत, मग नाव कळून गरिबाने करायचं काय? शिवाय बरीच पोरं आपोआप सुधारतातच की!

या बोलण्यात गरिबाविषयी इतका कळवळा असतो की ऐकणारा मान डोलावतो. पण यातलं एकही विधान तपासणीला टिकत नाही. शेवटचं विधान अर्धं खरं आहे, आणि सगळ्यांत जास्त नुकसान तेच करतं.

कोवळ्या वयात स्ट्रोक होत नाही, हे विदर्भात राहून म्हणायला धाडस लागतं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की मेंदूचा तेवढा भाग मरतो. हे म्हाताऱ्यांत जास्त होतं, कारण त्यांच्याकडे वाढलेलं बीपी, साखर आणि तंबाखूची चाळीस वर्षं असतात. पोरांकडे दुसरी कारणं असतात, आणि ती आपल्या जिल्ह्यात जागोजाग आहेत. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते १९५८ साली. म्हणजे हा आजार आपल्या रक्तात आहे, हे आपल्याला सहा दशकांहून अधिक काळ माहीत आहे. सिकलसेलच्या तीव्र प्रकारात, उपचार नसतील तर, वयाच्या विशीआधी शंभरातल्या सुमारे अकरा जणांना स्ट्रोक होतो, असं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं होतं. आपल्याकडच्या रुग्णांत बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार सरासरीने सौम्य असतो. पण सरासरी सौम्य म्हणजे एकेका पोराला माफी नव्हे. त्यात भर घाला संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या हृदयाच्या झडपांची. मेंदूच्या आवरणाच्या क्षयाची घाला. बाळंतपणानंतर, किंवा अंगातलं पाणी आणि रक्त आटल्यावर मेंदूच्या शिरेत होणाऱ्या गुठळीची घाला. आणि कपाशीच्या धुऱ्यावर डसणाऱ्या घोणस-फुरशाचीही घाला. या सापांच्या विषाने रक्ताचं गोठणं बिघडून क्वचित स्ट्रोक होतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. एवढं सगळं आजूबाजूला असताना 'या वयात कसा होईल?' हा प्रश्न पडतो तरी कसा?

आता गोऱ्यांच्या आजाराबद्दल. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचीच संरक्षण यंत्रणा मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खरवडते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली त्याचं पद्धतशीर वर्णन केलं. भारतात त्याचं नाव पारशांशी जोडलं गेलं, कारण डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. भरूचा यांच्यासारख्या मुंबईच्या मेंदूतज्ज्ञांनी पारशी समाजात त्याची मोजदाद केली आणि लाखामागे विसाहून अधिक रुग्ण सापडले. पारशी समाजात तो जास्त आहे, हे खरंच. पण समाज लहान, याद्या तयार, दवाखाने जवळ; मोजायला तो सोपा होता, हेही तितकंच खरं. पुढे मंगळुरात मोजणी झाली. तिथे ना गोरे, ना पारशी. २०१४ साली छापलेला आकडा लाखामागे आठच्या आसपास होता. यवतमाळ जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. मंगळूरचा दर इथे जसाच्या तसा लावणं बरोबर नाही, म्हणून तो निम्मा करू. तरी शंभराच्या वर माणसं होतात. ती कुठे आहेत? कुणाच्या यादीत? ज्या जिल्ह्यात कुणी मोजायलाच गेलं नाही, तिथला शून्य हा आकडा कसला पुरावा?

जगभरात अठराच्या आतल्या किमान ३० हजार मुलामुलींना हा आजार आहे, असं मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२० साली सांगितलं. एकूण रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच टक्क्यांत तो अठराच्या आत सुरू होतो. थोडक्यांना होतो म्हणून सोडून द्यायचा, असं म्हणणाऱ्याने आधी त्या थोडक्यांच्या आईबापांना भेटून यावं.

वयात आल्यानंतर हा आजार मुलांपेक्षा मुलींना दुपटीहून जास्त होतो, आणि इथेच आपल्या शहाणपणाची खरी कसोटी लागते. मुलगा लंगडला तर निदान एक्स-रे तरी निघतो. मुलगी लंगडली, तिला दोन-दोन दिसू लागलं, लघवी अडली, तर ते नाटक असतं, टेन्शन असतं, कुणी केलेलं असतं. फारच झालं तर लग्न करून द्यायचा सल्ला. मानसिक कारणाने हातपाय गळणं हाही खरा आजार आहे, त्याच्या खुणा आहेत आणि त्याचं निदान तपासून करायचं असतं. गंमत पाहा, ज्या शार्कोने मल्टिपल स्क्लेरोसिस वेगळा काढून दाखवला, तोच हिस्टेरियाच्या अभ्यासासाठीही प्रसिद्ध होता. दोन्ही आजार ज्याने आयुष्यभर पाहिले, तोही ते तपासून वेगळे करायचा. आमच्याकडे पाहुणे येऊन चहा पिता पिता वेगळे करतात.

बरं, स्ट्रोक आणि मल्टिपल स्क्लेरोसिस वेगळे ओळखायला लागतं तरी काय? चैनीचा आरोप करणाऱ्यांना वाटतं, सगळं काही एमआरआयच्या बोगद्यात ठरतं. ते तिथे पक्कं होतं, हे कबूल. पण सुरुवात एका फुकटच्या प्रश्नाने होते : हे किती वेळात झालं?

स्ट्रोकला वेळ असते. पोरगं डबा भरत होतं, हातून डबा निसटला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. घरच्यांना तो क्षण सांगता येतो. काही सेकंदांत, फार तर मिनिटांत दुखणं कळसाला पोचतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या उचलीला वेळ सांगता येत नाही, वार सांगता येतो. सोमवारी बोटं बधिर, बुधवारी पेन धरवेना, शुक्रवारी पाय जड. तासातासाने, दिवसादिवसाने ते चढतं, किमान चोवीस तास टिकतं, बहुधा काही आठवडे राहतं आणि मग उतरू लागतं. अपवाद दोन्हीकडे आहेत. झोपेत आलेल्या स्ट्रोकची वेळ कुणालाच ठाऊक नसते. काही स्ट्रोक अडखळत येतात, आणि एखादी उचल फारच झपाट्याने येते. पण अपवाद आहेत म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

दुसरा प्रश्नही फुकटच : मागे कधी काही झालं होतं का? वर्षभरापूर्वी एका डोळ्याने अंधुक दिसायचं, डोळा फिरवला की दुखायचा, लाल रंग विटका वाटायचा. आठ-पंधरा दिवसांत गेलं. चष्म्याचा नंबर म्हणून विसरलं. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं. हे कुणी आपण होऊन सांगत नाही, कारण डोळ्याचा आणि पायाचा काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. ते विचारावं लागतं. स्ट्रोकच्या बाजूचे प्रश्न वेगळे : झटके आले का, डोकं फार दुखलं का, ताप होता का, छातीची धडधड, घरात सिकलसेल, अलीकडे साप चावला होता का. मोठ्यांच्या मानाने मुलांत स्ट्रोकसोबत फिट्स जास्त येतात. मग घरचे 'मिरगी' म्हणून मोकळे होतात आणि निदानाचे मोलाचे तास जातात.

आणि आपल्या उन्हाचं काय? १८९० साली जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी टिपून ठेवलं की मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर तात्पुरती अंधुक होते. पुढे कळलं, कारण अंगातली उष्णता. आवरण गेलेली नस गरम झाली की संदेश वाहून न्यायला कुचराई करते. एमआरआय येण्याआधी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून पाहणं हीच एक तपासणी होती. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४४-४५ ला टेकतो. अशा दुपारी ज्या मुलीचा पाय जड पडतो आणि संध्याकाळी कूलरपुढे बसल्यावर हलका होतो, तिला आपण काय सांगतो? ऊन लागलं, खिशात कांदा ठेव. निसर्गाने इथे घरबसल्या तपासणीच करून दिली होती, आणि आपण ती कांद्यावारी घालवली. स्ट्रोकने मेलेला मेंदूचा भाग असा सकाळ-संध्याकाळ मरत-जगत नाही.

आता 'उपचार एकच' हे वाक्य. माझी खरी चीड इथे आहे, कारण हे वाक्य माणसाला इजा करतं.

सिकलसेलच्या मुलाला स्ट्रोक झाला, तर त्याच्या रक्तातल्या कोयत्याच्या आकाराच्या पेशी तातडीने कमी कराव्या लागतात. त्यासाठी रक्त बदलावं किंवा द्यावं लागतं, आणि पुढेही ठरावीक अंतराने देत राहावं लागतं. मुळात स्ट्रोक येण्याआधीच डोक्यावरून डॉप्लर तपासणी करून धोक्यातली मुलं शोधता येतात. त्यांना नियमित रक्त दिलं तर पहिला स्ट्रोक ९२ टक्क्यांनी टळतो, हे १९९८ सालीच सिद्ध झालं. हायड्रॉक्सीयुरियाच्या कमी डोसने मुलांचे वेदनांचे झटके घटतात, हे नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलंय. यातलं मालिशने काय होतं?

उलट मल्टिपल स्क्लेरोसिसची उचल असेल, तर तीन ते पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड देतात. त्याने ती लवकर ओसरते. पण हेच स्टिरॉइड सिकलसेलच्या पोराला अंदाजपंचे टोचलं, तर वेदनांचा झटका ओढवू शकतो. क्षयाच्या पोराला क्षयाच्या औषधांशिवाय दिलं, तर चार दिवस बरं वाटतं आणि आत क्षय पसरतो. दुसऱ्या टोकाला, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या मुलीला रक्त पातळ करायच्या गोळ्या वर्षानुवर्षं चारल्या, तर पोटात जळजळ वाढते आणि आजार आपल्या वेगाने चालत राहतो. तिसराही एक भाऊबंद आहे : न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. डोळे आणि कणा तोही पकडतो, म्हणून तो मल्टिपल स्क्लेरोसिससारखाच दिसतो. पण मल्टिपल स्क्लेरोसिसची इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमोडसारखी औषधं दिली तर तो चवताळतो. २००४ साली त्याची रक्ततपासणी सापडली आणि दोघांची फारकत झाली. एकाचं औषध दुसऱ्याचं विष असताना 'उपचार एकच' म्हणणाऱ्याने कृपया कुणाच्या आजारपणात सल्ला देऊ नये.

'सीटी स्कॅन नॉर्मल आला, काही नाही' म्हणणाऱ्यांचाही इथेच समाचार घेऊ. स्ट्रोकच्या पहिल्या काही तासांत सीटी कोरा येऊ शकतो आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर सर्रास कोरा येतो. कोरा सीटी एवढंच सांगतो की मोठा रक्तस्राव नाही. आणि जे पलीकडच्या टोकाला आहेत, एमआरआयवर चार पांढरे ठिपके दिसले की मल्टिपल स्क्लेरोसिसचा शिक्का मारून मोकळे होतात, त्यांनाही सोडायचं कारण नाही. क्षयाची गाठ, मेंदूतले जंत, तापानंतरची मेंदूची सूज, रक्तवाहिन्यांचा दाह, सगळे ठिपकेच दाखवतात. स्ट्रोकचा डाग एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसतो आणि ताजा असेल तर डिफ्यूजनच्या चित्रात उजळतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग लंबगोल असतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती, पृष्ठाखाली, मेंदूच्या देठात आणि कण्यात विखुरलेले, काही जुने तर काही ताजे. पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात बहुधा प्रथिनांचे ठरावीक पट्टे सापडतात. या आजाराच्या निदानाचे मॅकडॉनल्ड निकष २००१ पासून पुन्हा पुन्हा सुधारले गेले, पण एक अट कायम राहिली : दुसऱ्या कुठल्याही आजाराने हे चित्र अधिक चांगलं उलगडत नाही ना, ते आधी पाहा. यवतमाळात ती अट पाळायची म्हणजे सिकलसेल आणि क्षय आधी तपासायचे.

राहिली ती अर्धसत्याची गोष्ट : 'आपोआप बरं होतं.' होतं खरं! किशोरवयात सुरू झालेला मल्टिपल स्क्लेरोसिस जवळजवळ नेहमी उचल खाणारा आणि ओसरणारा असतो. काही आठवड्यांत मुलगी पुन्हा चालू लागते. त्या आठवड्यांत जो कुणी उपचार करत असतो, त्याच्या नावावर चमत्कार जमा होतो. कुणी कबुतराच्या रक्ताने मालिश केली असेल, कुणी राजस्थानातल्या बुटाटीला नेऊन सात दिवस फेऱ्या घातल्या असतील, कुणी पुडी दिली असेल. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी; मी कुणाला देवाच्या दारातून उठवत नाही. पण चमत्काराची परीक्षा पुढच्या वर्षी असते. मुलगी पुन्हा पडते. या वेळी थोडं कमी सुधारते. तिसऱ्यांदा आणखी कमी. मेंदूत न दिसणारी झीज चालू असते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आठवण घसरते, आणि मास्तर म्हणतात, पोरगी आळशी झाली. ज्याने पहिल्या वेळचं श्रेय घेतलं, तो तिसऱ्या वेळी कुठे असतो? 'आपोआप बरं झालं' हा आजार संपल्याचा दाखला नाही. या वयात तो मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय वाढवणारा पुरावा आहे.

पैशांचं उत्तर थोडक्यात देतो, कारण तो मुद्दा वाटतो तेवढा जड नाही. वर सांगितलेले प्रश्न फुकट आहेत. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी कार्यक्रमात होते. १ जुलै २०२३ पासून तर त्याचं राष्ट्रीय अभियानच चालू आहे. एमआरआय महाग आहे, झरी-जामणीच्या मजुराला त्यासाठी तालुका सोडावा लागतो, हे मान्य. पण औषध देणाऱ्याच्या गावाच्या चार वाऱ्या, बुडालेली मजुरी आणि नवसाचा बोकड यांचा हिशेब कुणी का करत नाही? फिंगोलिमोडला अमेरिकेत दहा वर्षांवरच्या मुलांसाठी २०१८ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याच्या जेनेरिक गोळ्या मिळतात. रितुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाची भारतीय आवृत्ती २००७ पासून बाजारात आहे, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते मल्टिपल स्क्लेरोसिससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. ही औषधं स्वस्त नाहीत. पण ती सरकारी योजनेतून मागायची तर रोगाचं नाव लागतं. नाव नसलेल्या आजारासाठी कोणती योजना पैसे देते?

यंत्रणाही नव्याने उभारायची नाही. शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. पांढरकवडा आणि पुसद प्रकल्पांच्या आश्रमशाळांत अधीक्षक रात्रंदिवस मुलांसोबत राहतात. अचानक तोंड वाकडं झालं तर १०८ ला फोन, आणि दिवसादिवसाने हातपाय जड होत गेले तर त्याच आठवड्यात वैद्यकीय महाविद्यालय, एवढं त्यांना शिकवायला किती दिवस लागतील? यवतमाळात १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी सेवाग्राम आहे, पुढे नागपूर आहे. अठराच्या आतल्या पोराला गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं की नाही, हे तज्ज्ञच ठरवतील. पण ठरवण्याइतका वेळ हातात ठेवून पोराला तिथे पोचवणं हे आपलं काम आहे.

तेव्हा चैनीची भाषा आता बंद करा. ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्याचं चुकलेलं निदान दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे दुरुस्त होतं. मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलीला दुसरी संधी नसते, म्हणून तिचं निदान पहिल्याच खेपेला अचूक हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. त्यांत सिकलसेल आहे आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही नावानिशी आहे. संसदेला जो फरक कळला, तो आपल्या जिल्ह्यातल्या शिकलेल्या माणसांना कळायला हरकत नसावी. आणि आईबापांना एवढंच सांगणं आहे : केसपेपरवर नुसता 'लकवा' किंवा त्याचं इंग्रजी नाव लिहून दिलं असेल, तर कागद घेऊन घरी येऊ नका. तिथेच थांबा आणि डॉक्टरांना विचारा, कशामुळे?